ड्रॉ झाली, पप्पा!

नोकरी गेली त्याच पावसाळ्यात मी इटलीतल्या एका फुटबॉल टीमच्या नादाला लागले. ३८ मॅचेस, असंख्य जागरणं आणि कोल्हापूरला केलेले शेकडो फोन... त्या एका सीझनची ही गोष्ट.

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी पप्पांना आयुष्यात दोन मोठ्या थापा मारल्या. पहिली नऊ महिने टिकली आणि दुसरी महिनाभर. म्हणजे तसं मला वाटत होतं.

पहिल्या थापेपासून सुरू करू. जुलै २०२२. बुधवार. सकाळी साडेअकराला 'क्विक कॅच-अप' अशा गोंडस नावाची मीटिंग कॅलेंडरवर आली. तुम्ही नोकरी करत असाल तर असल्या नावाच्या मीटिंगचा अर्थ तुम्हाला माहीत असेलच. मला नव्हता. मी आपली केस विंचरून, तीन स्टोरी आयडिया तयार ठेवून बसले. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. कॅमेऱ्यासमोर एचआरची मुलगी होती, माझ्याच वयाची. तिचाच आवाज इतका कापत होता की शेवटी मीच तिला म्हटलं, "इट्स ओके गं."

मास कॉमची डिग्री, तीन वर्षांचा अनुभव, कोथरूडमध्ये दोघींत मिळून घेतलेला वन बीएचके आणि बँकेत दीड महिन्याचं भाडं. एवढ्या भांडवलावर त्या दुपारी मी 'फ्रीलान्स जर्नालिस्ट' झाले. ऐकायला किती ग्लॅमरस वाटतं ना?

घरी सांगितलं नाही. सांगणार होते, पण पप्पांचा फोन दर रविवारी यायचा आणि त्यात एकच प्रश्न असायचा, "ऑफिस काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "मजेत." झालं. असं एकदा म्हटलं की पुढच्या रविवारी खरं सांगायला दुप्पट धीर लागतो. मग तिप्पट.

लेफ्ट बॅक

इथे पप्पांची ओळख करून द्यायला हवी. आम्ही कोल्हापूरचे. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पप्पांनी तीस वर्षं काढली, पण त्यांची खरी ओळख वेगळी. तरुणपणी ते एका तालमीच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळायचे. तालीम कुठली ते लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं कोल्हापूर हा अंक विकत घेणार नाही! बाकी महाराष्ट्राला फुटबॉल चार वर्षांतून एकदा वर्ल्ड कपला आठवतो. आमच्याकडे मात्र पेठापेठांत भांडणं लागतात ती फुटबॉलवरून.

१९८६ चा वर्ल्ड कप पप्पांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दूरदर्शनवर पाहिला. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनानं अर्ध्या मैदानातून पळत जाऊन केलेला तो गोल पाहिला आणि माणूस कामातून गेला. मॅराडोना क्लब फुटबॉल नापोलीकडून खेळतो म्हटल्यावर नापोली ही आमच्या घरची टीम झाली. तिची एकही मॅच न बघता! कारण बघणार कुठे? इटलीच्या लीगची बातमी यायची ती इंग्रजी पेपरच्या कोपऱ्यात, चार ओळींची. पप्पांच्या ट्रंकेत आजही एक पोस्टर आहे, आकाशी जर्सीतला मॅराडोना, घड्यांवर फाटलेला.

पण हे सगळं मला लांबूनच माहीत. कारण पप्पा शाहू स्टेडियमवर मॅचला न्यायचे ते दादाला. मी हट्ट केला की ठरलेलं उत्तर, "तिथं पोरी येत न्हाईत गं बाळ." दादाला फुटबॉलचा मनस्वी कंटाळा. तो तिथे बसून भडंग खायचा. मी घरी बसून रडायचे. आता दादा बंगळुरूला आयटीत आहे आणि आजही फुटबॉल म्हटलं की त्याला भडंग आठवतो.

आणखी एक. कोल्हापूरच्या मुली 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. पुण्यात कॉलेजला आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात हशा पिकला आणि मी 'जाते', 'येते', 'करते' शिकले. इतकी पक्की शिकले की घरी फोनवरही तेच यायला लागलं. पप्पा काही बोलले नाहीत. फक्त एकदा आईला म्हणाले, "आपली पोरगी आता पुण्याची झाली."

टीम विकली!

तर, १५ ऑगस्ट २०२२. फोन आला. "ऑफिस काय म्हणतंय?" मला त्या दिवशी 'मजेत' म्हणवेना. म्हणून विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पप्पा, तुमची नापोली काय म्हणते?"

अहो, धरणाचा दरवाजाच उघडला! पप्पा वीस मिनिटं बोलत होते. लग्न ठरवतानाही ते एवढं बोलले नसतील. म्हणे, टीमचं वाटोळं केलं मालकानं. कॅप्टन इन्सिन्ये कॅनडाला गेला, डिफेन्सचा खांब कुलिबाली चेल्सीला विकला, गोलांचा विक्रम करणाऱ्या मर्टेन्सचा करार संपला तर त्याला जाऊ दिलं. आणि आणलं कुणाला? जॉर्जियाच्या कुठल्याशा क्लबातनं एक पोरगा आणि तुर्कस्तानातनं एक कोरियन. "नावं तरी घेता येतात का बघ," पप्पा म्हणाले.

नावं होती ख्विचा क्वारात्सखेलिया आणि किम मिन-जे. खरंच घेता येत नव्हती.

मला गंमत वाटली. जुन्या, महागड्या माणसांना निरोप देऊन स्वस्तातली नवी माणसं घ्यायची, ही गोष्ट मी नुकतीच जवळून पाहिली होती. फरक एवढाच की आमच्याकडे नेपल्ससारखं रस्त्यावर उतरून मालकाच्या नावानं शिमगा करायला कुणी आलं नव्हतं.

त्याच रात्री दहाला नापोलीची पहिली मॅच होती, व्हेरोनाशी. दादाच्या सबस्क्रिप्शनवर आमचं अख्खं घर चालतं, तसं ते ॲपही चालायचं. म्हटलं बघू थोडं. नाहीतरी सकाळी उठून कुठे जायचंय? नापोलीनं ५-२ नं मारली. तो नाव न घेता येणारा पोरगा, पायात मोजे घसरलेले, गालावर दाढी, डाव्या बाजूनं असा काही शिरायचा की समोरचा डिफेंडर वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. हाफ टाइमला फोन वाजला. पप्पा! "बघालीस?" "हो." "काय पोरगं हाय गं!"

त्या रात्रीनंतर रविवारचा फोन बदलला. 'ऑफिस काय म्हणतंय'च्या जागी आलं, 'पुढची मॅच किती वाजता?' मी सुटले. निदान तेव्हा तसंच वाटलं.

दक्षिणेची टीम

आता नेपल्समध्ये एवढं काय आहे, ते थोडक्यात सांगते. इटलीच्या वरच्या लीगला सेरी आ म्हणतात. वीस टीम्स, प्रत्येकीच्या ३८ मॅचेस. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी जर्सीवर तिरंगी ढालीचा छोटा बिल्ला लावता येतो, तो 'स्कुडेट्टो'. २००१ मध्ये रोमानं तो जिंकला आणि त्यानंतर तब्बल २१ सीझन्स तो तुरीन आणि मिलान या दोन श्रीमंत, उत्तरेकडच्या शहरांबाहेर गेलाच नाही. एकदा युव्हेंटस, एकदा इंटर, एकदा मिलान. आलटून पालटून तेच.

नेपल्स दक्षिणेत. गरीब, गजबजलेलं, बदनाम. उत्तरेकडचे प्रेक्षक नापोलीच्या मॅचला 'व्हेसुव्हियस, यांना आगीनं धुऊन काढ' अशा अर्थाच्या घोषणा देतात. शहराच्या डोक्यावरचा ज्वालामुखी तोच, व्हेसुव्हियस. १९८४ मध्ये बार्सिलोनाहून मॅराडोना अशा शहरात आला आणि त्यानं १९८७ आणि १९९० असे दोन स्कुडेट्टो मिळवून दिले. तिसरा काही आला नाही. उलट २००४ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. ऑरेलिओ दे लॉरेंतीस या सिनेमा निर्मात्यानं तो विकत घेतला तेव्हा टीमला थेट तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. वर यायला २००७ उजाडलं.

१९८७ ची एक गोष्ट आहे. पहिला स्कुडेट्टो जिंकल्यावर कुणीतरी नेपल्समधल्या दफनभूमीच्या भिंतीवर, आतल्या मंडळींसाठी लिहून ठेवलं होतं, 'तुम्ही काय चुकवलंत ते तुम्हाला माहीत नाही.' ही गोष्ट मी वाचली आणि पप्पांना सांगितली. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पंचगंगेच्या घाटावर कोण लिहिणार असलं?"

आणि कोच? लुचियानो स्पालेत्ती, त्रेसष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला, आयुष्यभर भल्याभल्या टीम्स सांभाळूनही इटलीची लीग एकदाही न जिंकलेला. २०२१ मध्ये नेपल्समध्ये त्याची फियाट पांडा चोरीला गेली. २०२२ च्या वसंतात टीमनं हातातली लीग घालवली, तेव्हा चाहत्यांनी बॅनर लावला की पांडा परत देतो, पण तुम्ही जा! पप्पा हसून हसून दमले. "हे गाव आपल्यासारखंच हाय," म्हणाले.

दृष्ट लागंल

सप्टेंबरमध्ये लाझिओला रोममध्ये हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलला ४-१. मग मिलानला त्यांच्याच मैदानावर २-१. त्या मॅचचा विजयी गोल जोव्हानी सिमिओनेनं डोक्यानं मारला, पण आमच्या घरी कौतुक झालं ते डावीकडून क्रॉस देणाऱ्याचं. मारिओ रुई. लेफ्ट बॅक. उंची जेमतेम साडेपाच फूट. "बघ, बुटक्याचा क्रॉस बघ!" पप्पांचा आवाज फुटला होता. पप्पा पाच फूट तीन इंच. मी हिशेब समजले.

ऑक्टोबरमध्ये अॅमस्टरडॅमला जाऊन आयाक्सला ६-१. नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कपसाठी लीग थांबली तेव्हा नापोली पहिली, आठ पॉइंट्सनी पुढे, आणि एकही पराभव नाही. त्या वर्ल्ड कपला ओसिमेनचा नायजेरिया, क्वाराचा जॉर्जिया आणि खुद्द इटलीही पात्र ठरली नव्हती. त्यामुळे आमचे हुकमी एक्के घरी आराम करत होते. कोल्हापुरात मात्र गल्लोगल्ली मेस्सी आणि नेमारचे कटआउट्स. १८ डिसेंबरला अर्जेंटिना जिंकली आणि पप्पांनी पोस्टर ट्रंकेतून बाहेर काढून फोटो पाठवला. सोबत मेसेज, "आता दुसरं राहिलं."

ते दुसरं म्हणजे काय, हे मोठ्यानं बोलायचं नव्हतं. नेपल्सचे लोक कमालीचे अंधश्रद्धाळू. 'स्कुडेट्टो' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर अपशकुन. पप्पांनाही ते मनापासून पटलं. मी कधी 'पप्पा, आपण जिंकणार' म्हटलं की लगेच, "गप. दृष्ट लागंल."

४ जानेवारीला मिलानमध्ये इंटरनं १-० नं हरवलं, लीगमधला पहिला पराभव. पप्पा दोन दिवस फोनवर आले नाहीत. आईनं सांगितलं, "सुतक पाळतायत." पुढच्या आठवड्यात भोगीच्या पहाटे, सव्वा वाजता युव्हेंटसशी मॅच. ज्यांनी वर्षानुवर्षं लीग खिशात ठेवली ते युव्हेंटस. ५-१! ओसिमेनचे दोन गोल, क्वाराचा एक. लागोसच्या ट्रॅफिकमध्ये गाड्यांच्या खिडक्यांशी पाण्याच्या पिशव्या विकणारा पोरगा, चेहऱ्याच्या हाडाला दुखापत झाल्यापासून काळा मास्क लावून खेळतो, आणि युव्हेंटसचा डिफेन्स त्याच्यापुढे पातळ झालेला. त्या पहाटे मी आणि पप्पा चाळीस मिनिटं बोललो. शेवटी ते म्हणाले, "झोप आता, ऑफिस असंल."

शनिवार होता. ऑफिस असतंच तरी सुट्टी होती. मी म्हटलं, "हो, झोपते."

तुम्हाला वाटेल, एवढा काळ जगले कशी? ब्रोशर लिहिले. एका बिल्डरच्या स्कीमला 'निसर्गाच्या कुशीत' असं सतरा वेळा लिहिलं. कुणाच्या तरी सासूबाईंच्या पंच्याहत्तरीची स्मरणिका केली. शब्दाला साठ पैसे मिळायचे, तेही दोन महिन्यांनी, तीन रिमाइंडर्सनंतर. फ्लॅटमेटनं डिसेंबरचं भाडं एकटीनं भरलं आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. तिला फुटबॉल आवडत नाही. तरी मध्यरात्री गोल झाला की भिंतीपलीकडून विचारायची, "आपला का त्यांचा?"

एक-एक

मार्चच्या शेवटी नापोली १९ पॉइंट्सनी पुढे होती. नेपल्सच्या गल्ल्यांत निळ्या-पांढऱ्या पताका लागल्या होत्या. अपशकुनाची भीती संपली होती. आणि ३१ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला. पप्पांच्या छातीत जड वाटतंय, दवाखान्यात नेलंय.

मी रात्रीच्या बसनं निघाले. पहाटे पोचले तोवर अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट घातला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. काळजी घ्या, जागरण नको, टेन्शन नको, उत्तेजना नको. आईनं माझ्याकडे असं बघितलं जणू मॅराडोनाला गर्भारपणात मीच जेवू घातलं होतं.

२ एप्रिलच्या रात्री नापोली घरच्या मैदानावर मिलानशी खेळली. ओसिमेन जखमी. स्टेडियममध्ये कट्टर चाहते क्लबवर रुसून गप्प. मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसून मोबाइलवर बघत होते. ०-१, ०-२, ०-३, ०-४. आतल्या मशीनची बीप बीप ऐकू येत होती आणि मला काही केल्या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येईनात. वेडेपणा आहे, कळत होतं. पण तुम्ही कधी रात्री अडीचला दवाखान्यात बसला असाल तर समजून घ्याल.

सकाळी भेटायच्या वेळेला आत गेले. पप्पा उशीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली, एकदम लहान दिसत होते. पहिला प्रश्न, "काय झालं?"

"ड्रॉ झाली, पप्पा."

"किती?"

"एक-एक."

"गोल कुणी मारला?"

"क्वारानं."

"बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

एप्रिलभर मी कोल्हापुरातच राहिले. 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द किती सोयीचा असतो! गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचं, बिल्डरची पुढची स्कीम लिहायची, खाली आलं की 'मीटिंग होती' म्हणायचं. पप्पा रोज सकाळी वीस मिनिटं चालायचे, रंकाळ्याच्या काठानं. मी बरोबर जायचे. नापोली चॅम्पियन्स लीगमधून मिलानकडूनच बाहेर पडली, तेही पप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी, चालताना, जपून सांगितलं. २३ एप्रिलला तुरीनमध्ये अगदी शेवटच्या मिनिटांत रास्पादोरीनं युव्हेंटसवर गोल मारला, तेही तसंच. आनंदाची बातमीही मी औषधासारखी, मोजून देत होते.

मग आला ३० एप्रिल, रविवार. दुपारी इंटरनं लाझिओला ३-१ हरवलं. आता नापोली घरी सालेर्नितानाला हरवती तर लीग तिथेच संपली असती. आणि मॅच आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला! जागरण नाही, डॉक्टरांची हरकत नाही, आईचीही नाही. सीझनमध्ये पहिल्यांदा मी आणि पप्पा एका सोफ्यावर बसून नापोली बघत होतो. साठाव्या मिनिटानंतर ऑलिव्हेरानं गोल केला. पप्पांनी माझा हात घट्ट धरला. स्टेडियम थरथरत होतं. आणि ८४ व्या मिनिटाला सालेर्नितानाच्या बुलाए दियानं उजवीकडून आत शिरून असा काही डाव्या पायानं फटका मारला...

शिट्टी वाजली. पार्टी पुढे ढकलली.

पप्पा शांतपणे म्हणाले, "आता खरंच एक-एक झाली."

मला कळायला दोन सेकंद लागले. "म्हणजे?"

"वॉर्डबॉयच्या मोबाइलवर बघितलं होतं मी तवा. तू यायच्या आधीच. चार-शून्य." मग पाण्याचा ग्लास उचलत, त्याच सुरात, "आणि नोकरीचंबी माहीत हाय. ऑगस्टपासनं."

टीव्हीवर कुणीतरी इटालियन माणूस रडत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"त्या तुझ्या साइटवर मी रोज सकाळी तुझं नाव बघत हुतो," पप्पा म्हणाले. "तीन वर्षं. वाचायचो सगळं, कळो न कळो. नाव यायचं बंद झालं. महिनाभर वाट बघितली, म्हटलं रजेवर असंल. मग समजलं."

"मग बोलला का नाही?"

"तू सांगशील म्हटलं." जरा थांबून, "आणि फोन तर रोज करत हुतीस. एवढं आधी कुठं बोलत हुतीस माझ्याशी?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघांची तोंडं बघितली आणि विचारलं, "हरली काय?"

"न्हाई," पप्पा म्हणाले, "ड्रॉ."

चांदणं

४ मे, गुरुवार. नापोलीची मॅच उदिनेमध्ये, आपल्याकडे रात्री सव्वाबाराला. एक पॉइंट पुरे होता. पण डॉक्टरांचं 'जागरण नको' होतंच. आईनं साडेनऊलाच पप्पांना गोळ्या देऊन झोपवलं आणि मला बजावलं, "आवाज आला तर बघ." मी हॉलमध्ये टीव्ही म्यूट करून, लाइट बंद करून बसले. तेराव्या मिनिटाला उदिनेसेनं गोल केला. नेपल्सच्या स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून जास्त लोक मोठ्या पडद्यांवर ती मॅच बघत होते, एवढे सगळे एकदम गप्प झालेले दिसत होते.

हाफ टाइमला मी तिथेच बसून विचार करत होते. उठवू का? त्यांनी ३३ वर्षं वाट बघितली. नंतर हायलाइट्स दाखवून काय उपयोग? आणि उठवलं आणि काही झालं तर? एक स्टेंट, एक महिना. स्वतःला काय सांगू? ठरवलं, नाही उठवायचं. सकाळी रंकाळ्यावर सांगू.

तेवढ्यात मागून, "किती झालं?"

दारात पप्पा. "पाणी प्यायला आलो," म्हणाले. हातात ग्लास नव्हता. त्यांच्या मागे आई, पदर खोचून. मला वाटलं आता दोघांचं काही खरं नाही. पण ती सरळ आली, पप्पांच्या पाठीला उशी दिली, नाडी बघितल्यासारखं मनगट हातात धरलं आणि सोफ्यावर बसली. "चालू दे," म्हणाली. "हे तिथं पडून छताकडं बघालेत. त्यापेक्षा हितं बसूदेत."

५२ व्या मिनिटाला क्वाराचा शॉट गोलकीपरनं अडवला, चेंडू सुटला आणि ओसिमेननं जाळ्यात मारला. एक-एक. आम्ही तिघं म्यूटवरच ओरडलो. म्हणजे तोंडं उघडली, आवाज नाही. पुढची चाळीस मिनिटं आईनं मनगट सोडलं नाही. दोन वाजून गेल्यावर शिट्टी वाजली. पाच मॅचेस शिल्लक असताना नापोली चॅम्पियन. स्पालेत्ती चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा जिंकला. पलीकडे नेपल्समध्ये आतषबाजी सुरू झाली होती. त्या रात्री तिथे गोळीबारात एका तरुणाचा जीवही गेला. सकाळी वाचलं तेव्हा आनंदाला एक ओरखडा पडलाच.

पप्पा काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. बुद्धपौर्णिमा लागली होती, गल्लीत लख्ख चांदणं. मी मागे जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सत्त्याऐंशीलाबी एक-एकच झाली हुती. फिओरेंतिनाशी. मला चार दिवसांनी पेपरात कळलं." मग माझ्याकडे न बघता, "ते भिंतीवरचं. तू सांगितलं हुतंस. आपण न्हाई चुकवलं."

आणि मग

त्या सीझनला नापोलीनं ९० पॉइंट्स मिळवले, दुसऱ्या लाझिओपेक्षा १६ जास्त. ओसिमेन २६ गोल मारून लीगमधला पहिला आफ्रिकन टॉप स्कोअरर ठरला. सिनेमा इथे संपवला असता. पण स्पालेत्ती गेला, किम बायर्नला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच नापोलीनं तीन कोच बदलून दहावा नंबर काढला. पप्पा म्हणाले, "आता कसं आपल्यासारखं वाटतंय." मग मे २०२५ मध्ये कोन्तेच्या हाताखाली, इंटरपेक्षा फक्त एका पॉइंटनं पुढे राहून, पुन्हा चॅम्पियन. तोवर क्वारा पॅरिसला गेला होता. आम्ही तेही एकत्र पाहिलं, व्हिडिओ कॉलवर.

मी अजून फ्रीलान्सच आहे. शब्दाला आता साठ पैशांहून बरं मिळतं. पप्पांच्या गोळ्या चालू आहेत. रविवारी फोन येतो आणि नापोलीचं झालं की हळूच, "नोकरीचं काही बघालीस का?" मी खरं सांगते, बघते आहे किंवा नाही बघत. त्यावर ते 'बरं' म्हणतात. तो 'बरं' त्यांना पटलेला असतो असं मुळीच नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कोल्हापूरला गेले होते. दुपारी पप्पा पायात चप्पल सरकवत म्हणाले, "चल." कुठे, ते विचारलं नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच होती. आम्ही दगडी पायऱ्यांवर बसलो. पुढे एक मुलगी तिच्या मैत्रिणींबरोबर बसून रेफ्रीला अशा काही शिव्या देत होती की पप्पा मानच खाली घालून हसत होते. मी भडंगाचा पुडा घेतला. पप्पांनी मला डाव्या कोपऱ्यातली एक जागा दाखवली. इथे ते उभे राहायचे.

संध्याकाळी स्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीतून मी ओरडले, "येतो, पप्पा!"

त्यांनी नुसता हात वर केला.